परतीच्या तोंडावरचे पक्षी

नाशिक जिल्ह्यातील निफाड तालुक्यात, गोदावरी-कादवा संगमाजवळ, शंभराहून अधिक वर्षांपूर्वी सिंचनासाठी बांधलेल्या नांदूर मधमेश्वरच्या बंधाऱ्यामागे गाळ साचत गेला आणि त्यातून बेटे, पाणवनस्पतींचे पट्टे व उथळ पाणथळी तयार झाल्या. १९८६ मध्ये अभयारण्य घोषित झालेला हा जलाशय २०२० मध्ये महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ ठरला, म्हणजे पाणथळ जागांच्या रक्षणासाठी इराणमधील रामसर येथे १९७१ साली झालेल्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत त्याचा समावेश झाला.

येथे गर्दी होते ती थंडीत. परंतु पक्षी केवळ पाहायचे नसून समजून घ्यायचे असतील, तर फाल्गुन-चैत्रातील सकाळ अधिक मोलाची आहे. थापट्या बदकाचा नर शरद ऋतूत येथे उतरतो तेव्हा मादीसारख्याच तपकिरी पिसाऱ्यात असतो, कारण विणीनंतर उड्डाणाची पिसे एकदम गळून काही काळ उडता येत नसताना हा निस्तेज वेश त्याला लपवतो. वसंतात मात्र त्याचे हिरवे डोके, पांढरी छाती आणि तांबूस कुशी नवख्यालाही ओळखता येतात. काळ्या शेपटीच्या पाणटिवळ्याची राखाडी मानही याच सुमारास विटकरी होऊ लागते.

या पालटामागे दिवसाची वाढती लांबी असते. मेंदूतील प्रकाशसंवेदी पेशी ती टिपतात, संप्रेरकांचे प्रमाण बदलते आणि पक्षी नेहमीपेक्षा कितीतरी अधिक खाऊन त्वचेखाली चरबी साठवू लागतात; लडाख-तिबेटकडे निघणाऱ्या चक्रवाकाला हिमालय ओलांडण्याची शक्ती या साठ्यातूनच मिळते. म्हणून सकाळच्या पहिल्या दोन तासांत चिखलात चोच खुपसणारे थवे काठावरून, दुर्बिणीतूनच पाहावेत, कारण त्यांना विनाकारण उडवणे म्हणजे प्रवासाची शिदोरी खर्ची घालायला लावणे होय.

या शिदोरीचे गणित कालव्यांशीही जोडलेले आहे. आवर्तनासाठी, म्हणजे शेतीला ठरावीक पाळीने देण्यासाठी, धरणांतून पाणी सोडले जाते. येथील पातळी एकदम चढली तर अळ्या-गोगलगायींनी भरलेल्या चिखलाच्या कडा बुडतात, झपाट्याने उतरली तर त्या वाळून टणक होतात आणि पाणटिवळ्याची लांब चोच आत शिरत नाही. शेताची गरज निर्विवाद आहे, तरीही मार्च-एप्रिलमधील आवर्तन आखताना पातळी शक्यतो हळूहळू बदलावी, ही पक्षिप्रेमींची अपेक्षा अवाजवी म्हणता येणार नाही.