वाघदेव: सातपुड्याच्या शिवेवरचा दगड काय सांगतो? जाणून घ्या

शिरपूर : पेरू देशातील चाविन दे वांतार येथे सुमारे साडेचार मीटर उंचीची जुनी शिळा आहे. माणसाचे शरीर, तोंडात जग्वारचे सुळे आणि केसांच्या जागी साप! अँडीजमध्ये या प्राण्याला शक्तीचे रूप मानले जाई. असाच देव आपल्याकडेही आहे.

वाघदेव कोण?
धुळे-नंदुरबार भागातील भिल्ल, कोकणा, मावची समाजात वाघदेवाची पूजा होते. दगडावर किंवा लाकडी फळीवर वाघ, चंद्र-सूर्य, नाग कोरतात. शेंदूर लावलेला हा देव शिवेवर किंवा रानाच्या तोंडाशी असतो. कारण गुरे तिथूनच चरायला जातात.

वाघबारस म्हणजे काय?
वसुबारसेच्याच दिवशी अनेक आदिवासी पाड्यांत वाघबारस असते. एकाच तिथीला गाय आणि वाघ, दोघांचा मान!

बिबट्यालाही लागू?
हो. मुंबई, ठाणे, पालघर पट्ट्यातील 2021 च्या अभ्यासात वाघोबाची 150 ठाणी नोंदवली गेली. वारली समाजाचा वाघोबा म्हणजे वाघ आणि बिबट्या दोन्ही. श्रद्धेमुळे हल्ले थांबत नाहीत, पण बिबट्यासोबत राहण्याची सहनशीलता वाढते.

आज काय उपयोग?
शिरपूर तालुक्यातच अनेर धरण अभयारण्य आहे. दगडाचा अर्थ साधा आहे: रान त्याचेही आहे. म्हणून रात्री गुरे बंदिस्त गोठ्यात बांधा, शेतात एकटे जाऊ नका. बिबट्या दिसल्यास गर्दी न करता वन विभागाच्या 1926 क्रमांकावर कळवा.