फूटस्विचचा कनेक्टर निवडताना

लातूर-उदगीरच्या डाळ पॅकिंगमध्ये माणसाचे दोन्ही हात पिशवीच्या तोंडाशी गुंतलेले असतात. वजन करून डाळ सोडणारे यंत्र तेव्हा पायानेच चालवावे लागते. नांदेडच्या फॅब्रिकेशन वर्कशॉपमध्ये स्पॉट वेल्डिंगलाही तीच गरज असते. जुन्या यंत्राला फूटस्विच जोडायला निघालेला माणूस स्विच पारखून घेतो, पण कनेक्टर मात्र हाताला लागेल तो लावतो.

‘थ्री-पिन टॉप लावा, कुठेही मिळतो’ हा त्यातला सर्वांत घातक गैरसमज. तो कुठेही मिळतो आणि कुठेही बसतो, हाच त्याचा दोष आहे. फूटस्विच म्हणजे दोन वायरींमधला नुसता संपर्क. त्यात दिवा नाही, मोटर नाही. झाडलोट करताना निघालेला तो टॉप कुणी भिंतीवरच्या 230 व्होल्टच्या सॉकेटमध्ये खोचला आणि स्विचवर पाय पडला, तर फेज आणि न्यूट्रल थेट एकमेकांना भिडतात. म्हणजे सरळ शॉर्टसर्किट. म्हणून वर्कशॉपमधल्या दुसऱ्या कुठल्याही सॉकेटमध्ये बसणार नाही, असाच कनेक्टर निवडावा. आटे असलेला, पॅनेलवर बसणारा गोल कनेक्टर उत्तम. खाचेमुळे तो उलटा बसत नाही आणि आट्यांमुळे धक्क्याने निघत नाही.

‘मोटर मोठी, म्हणून कनेक्टरही 16 अँपिअरचा’ असेही म्हणतात. मुळात मोटरचा प्रवाह पायाखालून न्यायचाच कशाला? सिंगल फेजवरची 1 एचपीची मोटर चालताना साधारण 5 ते 6 अँपिअर घेते, सुरू होताना त्याच्या कितीतरी पट. हा भार कॉन्टॅक्टरने उचलावा आणि फूटस्विचने फक्त त्याची कॉइल चालवावी. छोट्या कॉन्टॅक्टरची कॉइल ओढून धरायला 1 अँपिअरही लागत नाही. 24 व्होल्टची कॉइल घेतली, तर केबल सोलली गेली तरी जिवाचा धोका फार कमी होतो.

पिना कुठल्या बाजूला असाव्यात, याला ‘काय फरक पडतो’ म्हणणारे वायरमन आहेत. फरक पडतो. वीज यंत्राच्या पॅनेलकडून येते, म्हणून पॅनेलवर भोकांचा भाग आणि फूटस्विचच्या केबलवर पिनांचा. उलट केले, तर कनेक्टर काढल्यावर उघड्या पिनांवर व्होल्टेज राहते. स्विचची बॉडी लोखंडी असेल, तर दोन वायरींबरोबर अर्थिंगची तिसरी वायर हवीच. म्हणजे कनेक्टर किमान तीन पिनांचा.

‘आयपी 67 घेतला, आता धुळीची चिंता नाही’ हे अर्धेच खरे. ते रेटिंग कनेक्टर पूर्ण जोडून आवळलेला असतानाचे. काढून ठेवलेल्या सॉकेटवर टोपी नसेल, तर डाळीची भुकटी आत जाणारच. केबलला योग्य मापाचा ग्लँड नसेल, तर ओढ थेट सोल्डरवर येते आणि वायर तिथेच तुटते.

स्विचचा संपर्क पाय दाबल्यावर जुळणारा घ्या. मग वायर तुटली किंवा कनेक्टर निघाला, तरी यंत्र थांबते. मात्र त्यावर भिस्त ठेवून इमर्जन्सी स्टॉप गाळू नका. तो वेगळा आणि हाताशीच हवा.

पॉवर प्रेसची गोष्ट याहून गंभीर आहे. तिथे फूटस्विचमुळे दोन्ही हात मोकळे होतात आणि डायखाली जाऊ शकतात. कुठलाही कनेक्टर ती बोटे वाचवू शकत नाही. गार्ड बसवल्याशिवाय प्रेसला फूटस्विच जोडू नका आणि मालक म्हणाला तरी जोडून देऊ नका.