पुण्याचें दळणवळण : एक पायीं फेरी



वाहनांचा इतिहास वाहनांत बसून उमगत नाहीं, अशी माझी समजूत आहे. म्हणून मागें एका रविवारीं आम्ही वीसएक मंडळी शनिवारवाड्यापाशीं जमलों आणि पुणें स्टेशनापर्यंतची सुमारें कोसभर वाट पायीं चाललों. वाट दाखविण्याचें काम मजकडे होतें.

प्रथम नवा पूल लागला. १९२३ सालीं तो खुला झाला, तेव्हां त्याचें नांव लॉइड पूल असें होतें. आज तो छत्रपति शिवाजी पूल होय. शंभर वर्षें उलटलीं, तरी पुणेकरांच्या तोंडीं तो 'नवा'च आहे! पलीकडे जिल्हा न्यायालयापाशीं मेट्रोचें स्थानक आहे. तेथें एक मार्ग उंच खांबांवरून जातो, तर दुसरा जमिनीखालीं सुमारें ३३ मीटर खोल. हा दुसरा मार्ग सप्टेंबर २०२४ मध्यें स्वारगेटपर्यंत पोंचला.

पुढें संगमाजवळ आगगाडीचा पूल दिसतांच मीं मंडळींस थांबविलें. आगगाडी पुण्यास १८५८ सालीं आली. परंतु ती मुंबईहून थेट येत नव्हती, हें फारसें कोणाच्या ध्यानांत नसतें. मुंबईकडील लोहमार्ग खोपोलीस संपे, पुण्याकडील खंडाळ्यास, मध्यें बोरघाट! १८३० सालीं खुल्या झालेल्या घाटरस्त्यानें उतारूंनीं पालखींतून वा तट्टावरून वर यावें आणि दुसरी गाडी गांठावी, असा तो प्रवास होता. ३७ फुटांस १ फूट असा चढ बांधून व २५ बोगदे खोदून १८६३ सालीं हा दुवा सांधला गेला. त्या कामीं हजारों मजूर खपले आणि कित्येक प्राणांस मुकले.

तात्पर्य हें कीं, प्रवासाची सोय लोहमार्गाच्या लांबीवरून मोजूं नये. दुवा कोठें तुटतो, तें पाहावें.

आमचा बोरघाट आम्हांस शेवटच्या एका चौकांत भेटला. आमच्यांतील एक वृद्ध बाई काठी टेकून उभ्या होत्या. वाहनांचा ओघ कांहीं केल्या खंडेना. अखेर दोघा तरुणांनीं हात आडवे धरले, तेव्हां आम्ही पार झालों. बाई म्हणाल्या, "मास्तर, मेट्रोनें मी दहा मिनिटांत येईन हो; पण स्थानकापर्यंतचा रस्ता मला कोण ओलांडून देणार?"

ह्या प्रश्नास मजपाशीं उत्तर नव्हतें. महानगरपालिकेनें २०१६ सालीं पादचारी धोरण मंजूर केलें. २०२१ पासून ११ डिसेंबरला लक्ष्मी रस्त्यावर पादचारी दिन पाळला जाऊं लागला. उपक्रम स्तुत्य खरा. परंतु चालणारा वर्षाचे सर्व दिवस चालतो. आणि पदपथावर आपली गाडी लावणारे आपणच नव्हे काय?

येत्या रविवारीं आपण घरांतील एखाद्या वडीलधाऱ्या माणसास बरोबर घेऊन जवळच्या बसथांब्यापर्यंत चालून पाहावें. दुवा कोठें तुटला आहे, तें शंभर पावलांतच कळेल. तो सांधण्यास बोगदे खोदावे लागणार नाहींत.