काजळीची गाळणी

डिझेलच्या धुरातील काजळी हवेत मिसळू नये, म्हणून नव्या मोटारींच्या धूरनळीत एक गाळणी बसविलेली असते. १ एप्रिल २०२० पासून 'भारत स्टेज ६' हा नियम देशभर लागू झाला, तेव्हापासून ती सर्रास आली. तिच्या सच्छिद्र भिंतींतून वायू पार होतो. काजळी मागे राहते.

साचलेली काजळी सुमारे ६०० अंश सेल्सिअस उष्णतेत जळून जाते. निरवांगीच्या शिवारातील लहानसहान फेऱ्यांत तेवढी उष्णता निर्माण होत नाही, आणि गाळणी तुंबते. तीच मोटार इंदापूरजवळच्या पुणे-सोलापूर महामार्गावर काही वेळ एकसारख्या वेगाने धावली, तर गाळणी बहुधा आपोआप मोकळी होते. त्या वेळी नळी अतिशय तापते. म्हणून उसाच्या वाळलेल्या पाचटावर मोटार उभी करू नये.

काही जण गाळणी काढून अंगणातच धुतात. हे योग्य नव्हे. डिझेलचा धूर कर्करोगास कारण होतो, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ साली जाहीर केले. जी काजळी श्वासात जाऊ नये म्हणून अडविली, तीच अंगणात उडवावी आणि ओढ्यात सोडावी काय? इंजिनातील तेलाची राख मात्र जळत नाही. ती काढण्याचे काम जाणत्या कारागिरावरच सोपवावे.