इंटरनेट चालू, पण नाव सापडेना

उल्हासनगरच्या जीन्सवाल्याचा माल सुरतेला निघायचा आहे, टेम्पो भरून उभा आहे. माल ५० हजार रुपयांच्या वर, म्हणजे ई-वे बिल हवेच. परराज्यात जाणाऱ्या मालाला ते १ एप्रिल २०१८ पासून सक्तीचे आहे. नेमक्या त्याच वेळी संगणक सांगतो, 'या नावाची साइट सापडत नाही.' दुकानातला पोऱ्या म्हणतो, नेट गेले. पुष्कळदा नेट गेलेले नसते.

आता लिनक्स ही फुकट मिळणारी प्रणाली वापरणाऱ्या व्यापारी बांधवांसाठी आम्ही दोन गोष्टी सांगू इच्छितो. संगणक एकमेकांना नावाने नव्हे, आकड्यांनी ओळखतात. पूर्वी सगळी नावे आणि आकडे एकाच फायलीत असत. जाळे वाढले तशी ती फाईल अपुरी पडली आणि १९८३ साली पॉल मोकापेट्रिस यांनी डीएनएस ही व्यवस्था मांडली. ती बंद पडली की रस्ता मोकळा असूनही गाडी अडते.

म्हणून आधी रस्ता पाहावा. टर्मिनल उघडून 'पिंग' लिहावे व पुढे ८.८.८.८ हा आकडा इंग्रजी अंकांत द्यावा. उत्तर आले तर लाईन ठीक आहे. मग आकड्याऐवजी साइटचे नाव द्यावे. 'टेम्पररी फेल्युअर इन नेम रिझोल्यूशन' असे आले, तर दुखणे नावाच्या शोधातच आहे. मेकॅनिकला बोलावून सगळी प्रणाली नव्याने टाकून घेण्याचे कारण नाही. तो खर्च आम्हाला निव्वळ उधळपट्टी वाटतो.

उबुंटूत 'रिझॉल्व्ह डॉट कॉन्फ' या फायलीत १२७.०.०.५३ दिसले तर घाबरू नये. तो संगणकातलाच मध्यस्थ आहे. ती फाईल हाताने बदलली तरी बदल टिकत नाही. 'रिझॉल्व्हसीटीएल स्टेटस' ही आज्ञा द्यावी, म्हणजे खरा डीएनएस कोणता ते कळते. तो उत्तर देत नसेल तर नेटवर्क सेटिंगमध्ये आयपीव्ही४ खाली डीएनएसचे 'ऑटोमॅटिक' बंद करून ८.८.८.८ किंवा १.१.१.१ लिहावे आणि जोडणी एकदा बंद करून चालू करावी. मात्र अंबरनाथ, बदलापूरच्या कारखान्यांत आतल्या सर्व्हरची नावे बहुधा कंपनीचाच डीएनएस देतो. तिथे बाहेरचा आकडा घातला की जीएसटीची साइट उघडेल, पण हिशेबाचा सर्व्हर सापडणार नाही! तिथे आधी कंपनीतल्या जाणकाराला विचारावे.

एकच साइट अडत असेल तर 'होस्ट्स' फाईल बघावी. कोणी कधीकाळी लिहिलेला जुना आकडा तिथे राहिलेला असतो, आणि संगणक साधारणतः आधी तिथेच पाहतो.

दुकानातल्या सगळ्याच यंत्रांवर घोळ असेल तर राउटर तपासावा. त्याचा कारखान्यातून आलेला पासवर्ड बहुतेकांनी बदललेलाच नसतो, आणि तिथला डीएनएस कोणी गुपचूप बदलला तर बँकेचे नाव लिहूनही गिऱ्हाईक भामट्याच्या दारात जाते. डीएनएसचेंजर नावाच्या विषाणूने जगभर लाखो संगणकांचे डीएनएस असेच फिरवले होते. २०११ साली ती टोळी पकडली गेली, आणि ९ जुलै २०१२ रोजी तात्पुरते चालवलेले सर्व्हर बंद होताच उरलेल्या बाधित संगणकांना नावे सापडेनाशी झाली.

आपल्याच दुकानाची साइट मोबाइलवरही उघडत नसेल, तर नावाचे वार्षिक भाडे भरले आहे का, ते आधी पाहावे.