फूल ना फुलाची पाकळी

चौथीच्या वर्गातल्या शुद्धलेखनाच्या वह्या तपासताना मला एक गोष्ट नेहमी दिसते. मूल, फूल, दूध, पीठ हे शब्द मुलं बिनचूक लिहितात. पण तेच शब्द वाक्यात आले, की 'मूलाला', 'फूलांचा', 'दूधात', 'पीठाची' अशा चुका होऊ लागतात. वहीवर लाल रेघा उमटतात आणि मूल मनाशी ठरवून टाकतं, 'मला मराठी येत नाही.' खरं तर त्याने शब्द नीट पाठ केलेला असतो. प्रत्यय लागला की शब्दाचं रूप बदलतं, हे मात्र त्याला कुणी ऐकवलेलं नसतं.

'ऐकवलेलं' असं मी मुद्दाम म्हणते. 'फूल' हा शब्द मोठ्याने म्हणून पाहा. शेवटच्या 'ल'मधला 'अ' आपण उच्चारत नाही, त्यामुळे आधीचा 'फू' लांबतो. आता 'फुलाला' म्हणा. जोर पुढे सरकला, 'फु' आखूड झाला. मराठी साहित्य महामंडळाने १९६२ साली लेखनाचे १४ नियम केले, १९७२ साली त्यांत आणखी ४ घातले. त्यांतला एक नियम हेच सांगतो, पण 'उपान्त्य' आणि 'सामान्यरूप' अशा शब्दांत. नऊ वर्षांच्या मुलाला हे शब्द कशाला हवेत? कानाला फरक कळला, की हात हळूहळू तसा वळतो.

सरावासाठी म्हणी आणि वाक्प्रचार घ्यावेत. 'फूल ना फुलाची पाकळी' यात दोन्ही रूपं शेजारी शेजारी आहेत. 'दुधाची तहान ताकावर', 'सुतावरून स्वर्ग', 'मिठाला जागणे' हे मुलाकडून म्हणवून घ्या आणि मूळ शब्द विचारा. दूध, सूत, मीठ अशी उत्तरं येतील. ती वहीत जोडीने लिहायला सांगा.

वाचनालाही याचा उपयोग होतो. 'मुलांसाठीसुद्धा' हा शब्द एकेक अक्षर लावून वाचणारं मूल अर्ध्यावरच दमतं. त्याला बोटाने 'सुद्धा' झाकायला सांगा, मग 'साठी'. उरलं 'मुलां', म्हणजे आपलं 'मूल'च! ला, ने, त, चा, साठी ही शेपटं नजरेत बसली, की लांबलचक शब्दाची भीती जाते. मात्र लिहिताना ती जोडूनच लिहायची. हिंदीत 'राम को' असं तोडून लिहितात, आपण 'रामाला' लिहितो. म्हणून 'मुलां साठी' असं तोडायचं नाही.

कान सगळीकडे पुरत नाही, हेही खरं. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द आपला दीर्घ स्वर सोडत नाहीत : शरीर-शरीरात, गीत-गीताला. ते लक्षातच ठेवावे लागतात. पण त्यांची घाई नको. आधी रोजच्या बोलण्यातले शब्द पक्के होऊ द्यावेत. अपवाद मागाहून सांगता येतात.

पालकांना माझी एवढीच विनंती आहे. घरी अभ्यास घेताना 'दूधात' दिसलं, तर लगेच खोडू नका. मुलाला तो शब्द मोठ्याने म्हणायला सांगा. बहुतेक वेळा ते स्वतःच थांबेल आणि खोडरबर शोधू लागेल. स्वतः शोधलेली चूक मुलं सहसा विसरत नाहीत.