एक व्यक्ती, दोन सर्वनामे

इंग्रजी पत्रव्यवहारात गेल्या काही वर्षांत एक नवी प्रथा रूढ होत आहे. स्वाक्षरीखाली नाव आणि हुद्दा यांच्या जोडीला, आपला उल्लेख कोणत्या सर्वनामाने व्हावा, हेही पत्रलेखक नमूद करतात. कोणी ‘शी’ लिहितात, कोणी ‘ही’, तर स्वतःला स्त्री वा पुरुष या दोहोंपैकी एकाच चौकटीत न बसवणारे ‘दे’ लिहितात. काहीजण एकाऐवजी दोन सर्वनामे देतात : ‘शी’ आणि ‘दे’, किंवा ‘ही’ आणि ‘दे’. परदेशी शिकणाऱ्या नातवाचे वा पुतणीचे असे पत्र हाती पडले, की आपल्याकडील वडीलधारी मंडळी प्रथम बुचकळ्यात पडतात आणि मग गोष्ट हसण्यावारी नेतात. एका माणसाला दोन सर्वनामे कशासाठी, हा त्यांचा प्रश्न वरवर पाहता बिनतोड वाटतो. परंतु तो मराठी माणसाने विचारावा, यात थोडी मौज आहे.

शाळेच्या एखाद्या मुख्याध्यापकांचे उदाहरण घ्या. आईच्या तोंडी ते ‘तो’ असतात, विद्यार्थ्यांच्या तोंडी ‘ते’, आणि जुन्या वळणाच्या पत्नीच्या तोंडी ‘हे’. समोरासमोर बोलताना बालमित्र त्यांना ‘तू’ म्हणतो, पालक ‘तुम्ही’ म्हणतात आणि सत्काराचे मानपत्र ‘आपण’ म्हणते. इतक्या सर्वनामांनी त्यांचे व्यक्तिमत्त्व दुभंगले, असे कोणी म्हणत नाही. लिंगाच्या बाबतीतही आपली भाषा समजतो तितकी सोवळी नाही. वारकऱ्यांचे ज्ञानेश्वर ही ‘माउली’ आहे. ती आळंदीहून निघते आणि पंढरीला पोहोचते. पुरुषसंताविषयी स्त्रीलिंगी क्रियापद योजताना वारकऱ्याची जीभ अडखळत नाही. कोल्हापूरकडच्या मुली ‘मी आलो’, ‘मी जातो’ असे सर्रास म्हणतात आणि त्यांच्या स्त्रीत्वाविषयी कोणी शंका घेत नाही. व्याकरणातले लिंग आणि माणसाचे लिंग यांची गाठ ब्रह्मगाठ नव्हे, हे आपल्या कानांना पूर्वीपासून ठाऊक आहे.

मग अडचण कुठे येते? नात्यानुसार सर्वनाम निवडण्याचा अधिकार आजवर बोलणाऱ्याकडे होता. येथे ज्याच्याविषयी बोलायचे, ती व्यक्ती तो अधिकार मागते आहे. मतभेदाचे मूळ व्याकरणात नसून या अधिकारात आहे. आपण स्त्री, पुरुष की तृतीयपंथी हे ठरवण्याचा हक्क ज्याचा त्याला आहे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या खटल्यात 15 एप्रिल 2014 रोजी दिला. न्यायालयाने मान्य केलेली गोष्ट घरातील बोलण्यात उतरायला मात्र वेळ लागतो.

दोन सर्वनामे सांगणाऱ्या व्यक्तीचे म्हणणे समजून घेतले पाहिजे. तो धरसोडपणा नव्हे. कोणाला दोन्ही सारखीच जवळची वाटतात आणि ती आलटूनपालटून कानी पडावीत अशी त्यांची इच्छा असते. कोणाला एक अधिक प्रिय असते, दुसरे चालते. कोणी प्रसंगानुसार भेद करतात. ऐकणारे बहुधा दोहोंतील सोयीचे, म्हणजे जुन्या सवयीचे सर्वनाम उचलतात आणि दुसरे कायमचे विसरतात. नियमभंग झाला नाही, हे खरे. पण अर्धे ऐकले गेले, हेही तितकेच खरे. यावर उपाय एकच : कसे म्हटलेले आवडेल, हे सरळ आणि एकांतात विचारावे.

इंग्रजीतील तोडगा जसाच्या तसा मराठीत आणणे मात्र फसवे आहे. ‘दे’ हे एकवचनी वापरण्याची चाल इंग्रजीत चौदाव्या शतकापासून आढळते. 2019 साली मेरियम-वेबस्टर कोशाने या शब्दाला वर्षाचा शब्द ठरवले, तेव्हा तो नवा नव्हता. स्वीडिश अकादमीने 2015 साली आपल्या शब्दसंग्रहात ‘हेन’ हे लिंगनिरपेक्ष सर्वनाम दाखल केले. मराठीत ‘दे’चे भाषांतर ‘ते’ केले, की ते आदरार्थी पुल्लिंगी होते. आणि नपुंसकलिंगी एकवचनी ‘ते’ मोठ्या माणसाला लावले, तर त्यात हेटाळणीचा वास येतो. शिवाय आपल्याकडे सर्वनाम बदलून भागत नाही. क्रियापद बदलते, विशेषण बदलते, ‘चांगला’ की ‘चांगली’ हेही ठरवावे लागते.

तरीही मराठीचे भांडार रिते नाही. ‘त्यांनी’, ‘त्यांना’, ‘त्यांचे’ ही आदरार्थी रूपे स्त्रीपुरुष दोघांना समान आहेत. ‘तुम्ही आलात’ यात लिंगभेद नाही. भविष्यकाळात तोही ‘येईल’ आणि तीही ‘येईल’. ‘त्यांनी पत्र लिहिले’ या वाक्यात क्रियापद पत्राच्या लिंगाने चालते, लिहिणाऱ्याच्या नव्हे. थोडी जागरूकता ठेवली, तर बरीचशी वाक्ये कृत्रिमता न येता लिहिता येतात. ‘ते आले’ की ‘त्या आल्या’ हा पेच उरतोच. तेथे त्या व्यक्तीचा शब्द अखेरचा मानावा.

आणि तो शब्द मराठीत ऐकू येतो, ही आपल्या भाषेची खरी देणगी आहे. इंग्रजीत ‘मी आलो’ आणि ‘मी आले’ यांत फरक करता येत नाही, म्हणून तेथे सर्वनामे स्वाक्षरीखाली लिहावी लागतात. मराठीत माणूस स्वतःविषयी पहिले वाक्य बोलतो, तेव्हाच पुष्कळदा आपला परिचय देऊन जातो. कालपर्यंत ‘मी गेलो’ म्हणणारे मूल आज ‘मी गेले’ म्हणते आणि उद्या पुन्हा ‘गेलो’ म्हणते, तेव्हा ते चुकत नसते. कदाचित काही सांगत असते. ती चूक समजून दुरुस्त करण्यापूर्वी आईवडिलांनी क्षणभर थांबावे. त्या क्षणावर पुढच्या कित्येक वर्षांचा संवाद अवलंबून असू शकतो.

एक सावधगिरी आवश्यक आहे. काही तरुण मित्रांत एक सर्वनाम वापरतात आणि घरी दुसरे, कारण घर अद्याप तयार नसते. मित्राने उत्साहाच्या भरात नवे सर्वनाम आईवडिलांसमोर उच्चारले, तर त्या तरुणावर घर सोडण्याची पाळी येऊ शकते. म्हणून ‘कोणते’ याबरोबर ‘कोणासमोर’ हेही विचारले पाहिजे. बोलताना चूक झाली तर शब्द सुधारावा, एका वाक्यात दिलगिरी व्यक्त करावी आणि पुढे जावे. लांबलचक क्षमायाचनेने दुखावलेल्यालाच समजूत घालण्याचे काम करावे लागते.

याने भाषा भ्रष्ट होईल, अशी भीती काहींना वाटते. ‘अहो’ आणि ‘अगं’, ‘तू’ आणि ‘आपण’ यांतील सूक्ष्म भेद जपणाऱ्या भाषेला आणखी एक भेद पेलणार नाही, असे मानणे म्हणजे तिला कमी लेखणे होय. समोरच्याचा मान ओळखून बोलावे, हे मराठी घराने मुलांना नेहमीच शिकवले. आता तोच धडा मुले वडिलांसमोर ठेवीत आहेत. तो नवा आहे म्हणून नव्हे, तर आपलाच आहे म्हणून त्यांनी तो गिरवायला हवा.